हलू नका, आजी

प्रिय आशिष,

सगळ्यात पहिले आला तो खाटांचा ट्रक. माणूस एक नाही, नुसत्या लोखंडी खाटा, आणि ड्रायव्हर आपल्या दारात उभा राहून विचारून राहिला की फौज कुठं उतरवायची. तुझी आई कणीक मळत होती, ती तशाच हातानं बाहेर आली. कोणती फौज म्हणे. मी म्हटलं, अवं, पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हापासून रोज काहीतरी नवीन येऊन राहिलं, आता फौज आली असन. तेवढ्यात मागच्या गाडीतून एक पोरगी उतरली, केस मानेपर्यंत कापलेले, पायात गडीमाणसाचे जोडे, आणि सरळ माझ्या पाया पडली. "आजी, मी गायत्री, नागपूरची. सिनेमा काढून राहिलो आम्ही. विनायककाकांशी बोलणं झालं आहे." तुझ्या बाबाला सगळं माहीत होतं, बाळा! तिगावचं आपल्या बाजूचं जुनं कापसाचं गोदाम, आपलं घर, समोरची दोन संत्र्याची झाडं, सगळं त्यानं सिनेमाला दिलं होतं आणि घरात एका शब्दानं सांगितलं नाही. त्याची ती खोडच आहे, पोटातलं पोटातच ठेवायचं. तुझ्यातही ती आली आहे, पण ते मी मागून सांगते.

हे सगळं तुला फोनवरच सांगणार होते. पण आजकाल तू फोनवर हिंदीत बोलतो. "सब बढ़िया है आजी, आप कैसी हो." आता मला आप म्हणणारा नातू मी कुठून आणू? तुझ्या त्या आप-आपमध्ये माझी अर्धी गोष्ट तोंडातच राहून जाते. म्हणून लिहून राहिले. तू शाळेत हिंदी शिकला, पण मराठी अक्षरं तुला माझ्या मांडीवर बसून आली, त्यामुळे माझं हे चौथीतलं अक्षर तुला तरी वाचता येईल.

तर सिनेमा. मला वाटलं फौजेचा सिनेमा म्हणजे तोफा, धूर, वरून विमानं. मी रोज विचारायची, गायत्री, लढाई कोणत्या दिवशी आहे ते आधी सांग, म्हणजे म्हशी आत बांधायला. ती हसायची. म्हणे, "आजी, लढाई नाहीच. लढाई नाही म्हणून तं सिनेमा आहे." गोष्ट अशी की कोण्या देशाची फौज ते सांगितलंच नाही. झेंडाही बनवलेला, त्यावर एक बदक काढलं आहे. दूर कुठंतरी एक गोदाम, त्याची राखण करायला शिपाई ठेवले, आणि वरचे लोक त्यांना विसरूनच गेले. शत्रू येत नाही, सुट्टी भेटत नाही, बदली होत नाही. मग ते काय करतात, तर दगडांना चुना लावतात. चुना सुकला की पुन्हा लावतात. मग एक दिवस डिझेल विकतात आणि पिंपात पाणी भरून ठेवतात. मग कंबल विकतात. साहेबाला सगळं माहीत, कारण पहिला वाटा त्याचा, पण गोदामाची चावी एका जवान शिपायाजवळ. दुसरा एक शिपाई बिचारा कंबलांच्या थप्पीखाली दबून मरतो. तर साहेब काय करतो? त्याला वीर ठरवतो! बंदुका उडवतो, बदकाचा झेंडा खाली करतो, आणि भाषणात सांगतो की या वीरानं गोदामातले सगळे कंबल सीमेवरच्या गारठलेल्या भावांना नेऊन वाटले. म्हणजे जेवढा माल विकला तेवढा मेलेल्याच्या नावावर. मेलेला माणूस काय उठून नाही म्हणते? त्या सीनला मी एवढी हसले, एवढी हसले की त्यांना तो पुन्हा घ्यावा लागला. मशीनमध्ये माझं हसणं भरलं होतं म्हणे.

एक माणूस मात्र हसला नाही. सौंसरचे रघुनाथराव, तुझ्या शोभाआत्याच्या सासरच्या गल्लीतले, रिटायर फौजी. नटांना कवायत शिकवायला गायत्रीनं त्यांना बोलावलं होतं. पाठ अजून अशी सरळ की भिंतीला टेकवली तर भिंत लाजेल. सोबतचे सगळे सुभेदार होऊन परत आले आणि हे हवालदारच राहिले, म्हणून सौंसरच्या बसस्टँडवर पोट्टे त्यांना "ओ हवालदार" म्हणून चिडवतात, तू पण लहानपणी चिडवलं असन. ते भाषण ऐकून ते उठले आणि फाटकाकडे चालायला लागले. "माझ्या वर्दीची टिंगल करून राहिले तुम्ही!" गायत्री मागून धावली. "काका, माझे बाबा पण वर्दीत होते. मी वर्दीवर नाही हसून राहिली. तिच्या आड जो लपते, त्याच्यावर हसून राहिली." ते परत आले, पण दिवसभर कॅमेऱ्याकडे पाठ करून बसले. कोणाचा सॅल्यूट चुकला की पाठमोरेच ओरडायचे. मागून कसं दिसायचं त्यांना, देव जाणे.

आता माझं ऐक. तुझी आजी सिनेमात आहे! झालं असं की पहिल्या दिवशी मी आपल्या नेहमीच्या जागी, अंगणातल्या बाजेवर, वाती वळत बसले होते. कापूस मांडीवर, हिरवं लुगडं अंगावर. गायत्रीनं कॅमेऱ्यातून पाहिलं आणि ओरडली, "आजी, हलू नका!" झालं. गोदामाजवळ राहणारी म्हातारी म्हणून मला घेतलं. बोलायचं काही नाही, नुसत्या वाती वळायच्या. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू, तुझे आबा असते तर पंचक्रोशीला बोलावून आणलं असतं त्यांनी. पण दुसऱ्या दिवशी मी आपली न्हाऊन-धुऊन, चांगलं जांभळं लुगडं नेसून, केसात फूल घालून बसले, तर सगळ्यांनी डोक्याला हात लावला. काल हिरवं होतं म्हणे, तर आजही हिरवं पाहिजे. त्याला कंटिन्युटी म्हणतात. म्हणजे सिनेमात तोच दिवस चालू आहे, बाहेर किती का उजाडेना. हिरवं लुगडं तर दोरीवर ओलं! तसंच ओलं नेसवलं मला. तेव्हापासून रोज तेच लुगडं, तीच बाज, तीच मान डावीकडे. झाडांची संत्री तोडायची नाहीत, कारण काल होती. पांढुर्ण्याचा व्यापारी येऊन माल पाहून परत गेला, तुझे बाबा दात खात बसले, आणि पिकलेलं एक संत्रं गळून पडलं तर सिनेमावाल्यांनी ते दोऱ्यानं परत फांदीला बांधलं. बाकी बाग उतरली, ती दोन झाडं मात्र लटकलेलीच.

आणि तार! गोदामाला, आपल्या घराला, विहिरीला धरून काट्यांची तार ओढली, एकच फाटक. पहिले चार दिवस मजा वाटली. मग वाटायला लागलं की बाई, आपल्याच अंगणात आपण बंद झालो. मागे संडासला जायचं तरी फाटकावरून. आणि फाटकावर कोण, तर आपला राजू. पांढुर्ण्याला मोबाईलची दुकान आहे ना त्याची, तोच. शिपायांच्या घोळक्यात उभं राहायला गायत्रीनं इकडचेच जवान माणसं घेतले, वर्दी दिली, लाकडाच्या बंदुका दिल्या. राजू मला म्हणतो, "आजी, पास दाखवा." मी म्हटलं, मेल्या, तुझं नाक मी पुसलेलं आहे पदरानं, हाच पास. तो हसला. पण पाय काही बाजूला केला नाही. थोडा वेळ उभं ठेवलं मला, मग सोडलं. ते मला तेव्हाच खटकलं होतं.

कारण सिनेमात काम कमी आणि बसून राहणंच जास्त. ऊन पाहिजे तर ढग येते, ढग पाहिजे तर ऊन येते. हे पोट्टे सकाळपासून वर्दी घालून बसलेले. पहिले झोपा काढल्या. मग पत्ते. मग कंटाळा आला तर खेळता खेळता रस्त्यावर बांबू आडवा टाकला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायला लागले. "किधर जा रहे हो? गाड़ी चेक होगी." आणि लोक थांबायचे, बाप्पा! लोकांना वाटायचं खरीच फौज आली आहे. कोणी टोपलीभर संत्री दिली, कोणी दूध दिलं, एका माणसानं तर कोंबडा देऊन सलाम ठोकला. एक दिवस तुझ्या बाबालाच अडवलं. तो आपल्याच बागेत चालला होता, आणि त्यानं आपलीच संत्री देऊन आत जायची परवानगी घेतली! घरी येऊन सांगून राहिला की पोट्टे आहेत, गंमत करतात. मी म्हटलं, विनायक, तू काऊन दिली? तर म्हणतो, "माहीत होतं मले राजू आहे म्हणून. पण वर्दी पाहिली आणि हात आपोआप पिशवीत गेला." रघुनाथरावांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी तो बांबू स्वतः उचलून नाल्यात फेकला. पण ते सौंसरहून आठवड्यातून दोनदाच यायचे.

त्या घोळक्यात आपला विनोदही होता, पिठाच्या गिरणीवरचा. दोन पोरींचा बाप, पण स्वभाव कसा तर कोणी काहीही मागितलं तरी उचलून देईल. तो पत्ते खेळायचा नाही, बांबूजवळ जायचा नाही. म्हणून सिनेमाच्या मॅनेजरनं जनरेटरच्या डिझेलच्या खोलीची चावी त्याच्याकडे दिली. त्याला काय अभिमान! कमरेच्या करदोट्याला बांधली होती, आणि मला येता-जाता वाजवून दाखवायचा. "आजी, पूर्ण लोकांतून माझ्याच जवळ दिली." मी म्हटलं, देतीलच ना, तुझ्यासारखा कोण आहे. आणि बोलता बोलता माझी वात मोडली हातातली. हेच वाक्य मी आधी कुठंतरी बोलले आहे, असं वाटून राहिलं. कुठं, ते आठवेना.

मग ती दुपार आली. गोदामात मोठे दिवे लावून सीन चालू होता, मी दाराजवळ बाजेवर. जनरेटर खोकला, पुन्हा खोकला आणि बंद. अंधार. मॅनेजरनं पिंप उघडलं तर आत पाणी! पहिले सगळे हसलेच. वाटलं सिनेमातली पाण्याची पिंपं इकडं आली. पण सिनेमातली लाल होती आणि हे तर खऱ्या डिझेलचं निळं. बाकीची उघडली, त्यातही पाणी. ज्यांना काही सुचत नव्हतं त्यांना सिनेमानंच सुचवलं, समजलं का? रोज डोळ्यासमोर तेच पाहून राहिले होते. मॅनेजरनं विचारलं, चावी कोणाजवळ होती? तर ते सगळे वर्दीवाले, ज्यांच्यासोबत विनोद सकाळ-संध्याकाळ जेवला, एका तोंडानं बोलले, "विनोदजवळ." राजू सगळ्यात मोठ्यानं.  आणि विनोदनं, आशिष, फक्त कमरेवर हात ठेवला, चावी आहे का पाहिली. आणि चावी होती. चावी होती म्हणून त्याचं तोंड उघडलं नाही. त्याचा तो चेहरा मी पाहिला आणि मला एकदम आठवलं की ते वाक्य मी कोणाला बोलले होते.

दिवाळीत तू फौजेतून सुट्टीवर आला होता तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले. आमच्या आशिषला साहेबांनी गोदामाची चावी दिली, पूर्ण लोकांतून त्यालाच दिली, त्याच्यासारखा कोण आहे! तुझ्या हातावर पेढा ठेवला तर तू तो हळूच ताटात परत ठेवला. नंतर मी कपाट उघडत होते, तर तू माझ्या मागे उभा राहून विचारलं, "आजी, चावी वापस करता येते का व?" मी म्हटलं, काऊन, वजन होते का तुला? तू हसला. मी पण हसले. हा असाच चेहरा होता तुझा.

मी बाजेवरून उठले. कॅमेरा बॅटरीवर चालूच होता म्हणे, एक पोरगी ओरडली, "आजी, हलू नका! कंटिन्युटी!" मी म्हटलं, गेली तुमची कंटिन्युटी खड्ड्यात. मांडीवरच्या सगळ्या वाती खाली पडल्या. म्हटलं, डिझेल या राजूनं नेलं. तुम्ही सगळे जेवायला बसता तेव्हा नेलं. पाण्याचा जग आत राहिला म्हणून विनोदजवळून चावी मागायचा, आणि दुधाच्या टेम्पोत पिंप चढवायचा, तेच मग पाणी भरून परत आणून ठेवायचा, आणि माझ्यासमोरून जाताना राम राम आजी करायचा. मला वाटायचं मॅनेजरनंच पाठवलं असन. राजू पांढरा पडला. "आजी, तुम्ही पाहून राहिल्या होत्या?" मी म्हटलं, मंग काय करू बाप्पा, तुम्हीच तं हलू देत नाही मले! सगळे हसले, गायत्री पण हसली, आणि विनोद वर्दीतच मटकन खाली बसून रडला. वर बदकाचा झेंडा फडफडून राहिला होता. राजूला त्यांनी वर्दी उतरवून घरी पाठवलं. तो जाताना माझ्याकडे असा पाहून राहिला जसा मीच चोर. असू दे.

संध्याकाळी रघुनाथराव ओसरीवर भाकर खायला बसले. मी झुणका वाढला आणि म्हटलं, भाऊ, आमच्या सोयऱ्यात एक पोरगा आहे. दूर फौजेत आहे. त्याला साहेबानं गोदामाची चावी दिली आहे, आणि तेव्हापासून तो घरच्यांशी घरच्यासारखं बोलत नाही. अशी चावी परत देता येते का? त्यांनी घास थांबवला. कोण पोरगा, कुठं आहे, एका शब्दानं विचारलं नाही. म्हणाले, "कलाबाई, माझ्याजवळही आली होती एक. मी वापस दिली. साहेबानं तोंड फिरवलं, आणि माझी बढतीची फीत तिथंच थांबली." मी विचारलं, वाईट नाही वाटत? म्हणाले, "वाटते ना. बसस्टँडवर कोणी हवालदार म्हणून हाक मारली की वाटते. पण ती हाक ऐकायला मी घरी आहे." मग म्हणाले, तपासणी यायच्या आधी बोलावं लागते, मागून बोललेलं कोणी ऐकत नाही. त्या पोराला म्हणा सुट्टी काढ आणि ये. कोणाकडे जायचं, काय सांगायचं, मी बसतो त्याच्याजवळ. लागलं तर सोबत चालतो, पेन्शनीत माझं काय बिघडते. हात धुऊन जाताना भिंतीवरचा तुझा वर्दीतला फोटो थोडा वाकडा झाला होता, तो त्यांनी सरळ केला आणि गेले.

तर बाळा, यासाठी हे एवढं लिहिलं. सिनेमा पाहून मी हसले, पण तुझ्या तिथं कोपऱ्यात बाज टाकून बसलेली कोणी म्हातारी नाही, जी उठून सांगेल. तुझं तुलाच उठावं लागेल. तू आधी फोनवर "काय करून राहिली व बुढे" म्हणायचा. चावी आली आणि आप आलं. तुझ्याजवळ कोणीतरी ऐकत उभं राहते, हे मला उशिरा समजलं, पण समजलं. फीत नको आम्हाला. सुभेदारही नको. तू ये. बोलता येत नसेल तर फोनवर एवढंच विचार, आजी, संत्री तोडली का. हिंदीत विचार, आप म्हणून विचार, मी समजून घेईन की तू घरी यायला गाडीत बसून राहिला. ती दोन झाडं अजून तशीच आहेत, कारण दिवे गेले त्या दिवशीचा शेवटचा सीन राहिला. त्यात तो चावीवाला जवान शिपाई फाटकातून बाहेर चालत जातो का आतच उभा राहतो, हे गायत्रीचं अजून ठरलं नाही. मला विचारलं, तर मी म्हटलं, बाहेर काढ बाई त्याला. ती म्हणाली, पाहू आजी, तुम्ही हिरवं लुगडं मात्र जपून ठेवा. ते मी धुऊन, घडी करून ठेवलं आहे. रघुनाथरावही त्यांच्यासोबत येणार आहेत. सगळे गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी येतो म्हणून सांगून गेले, शुक्रवारी, सकाळीच.

तुझीच,
बुढी